जनावराला जनावर

मार्चमध्ये इंगर आणि ल्युबा या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं आणि आसावरीच्या पायाला भिंगरी लागली.

इंगर वरच्या दगडी घरात राहायची, ल्युबा गोठ्यावरच्या खोलीत. मध्ये चिखलाचं अंगण तेवढं. पण निरोप न्यायचा तर आसावरीनं. तिला सांग, पेंडीची पोती भिजताहेत. तिला सांग, मला डोळे आहेत. तिला सांग, नराच्या पायाला सूज आहे. तिला सांग, ती मी कालच बघितली. गमबूट घालून ही बाई सकाळपासून या दारातून त्या दारात. पुण्याहून इंग्लंडात यायचं, सासू आणि नणंदा हजारो मैल मागं ठेवायच्या आणि शेवटी दोन परक्या बायकांच्या मध्ये भरडलं जायचं, हे नशिबातच असेल तर त्याला कोण काय करणार?

फार्म नॉर्थम्बरलंडच्या डोंगरात होता. माथ्यावरून तारेचं कुंपण गेलेलं, पलीकडे स्कॉटलंड. या बाजूच्या उतारावर इंगरचा रेनडिअरचा कळप चरायचा. रेनडिअर म्हणजे नाताळच्या कार्डावर गाडी ओढतं ते जनावर. कार्डावर गोजिरवाणं दिसतं, प्रत्यक्षात ओल्या गोधडीसारखा वास येतो आणि चालताना पायातून टकटक आवाज येतो. नोव्हेंबर लागला की या जनावरांना अंघोळी घालायच्या, ट्रेलरमध्ये भरायचं आणि मिल्टन कीन्सच्या मॉलमध्ये, कार्डिफच्या नाताळ बाजारात नेऊन उभं करायचं. पोरं फोटो काढतात. त्या दोन महिन्यांवर वर्ष निघायचं. उरलेले दहा महिने चिखल, गोचीड, खुरांची दुखणी आणि पेंडीची पोती.

आसावरीचा नवरा परीक्षित बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा दोघं हवापालट म्हणून इथं आले आणि इंगरचं रस्त्याकडचं छोटं कॉटेज भाड्यानं घेऊन राहिले ते राहिलेच. पहिल्याच हिवाळ्यात ल्युबानं कॉटेजचं दार वाजवून तिच्या हातात एक दावं ठेवलं होतं आणि म्हणाली होती, धर, माझी पाठ धरलीय. आसावरीनं धरलं. बँकेच्या बॅक ऑफिसात सहा वर्षं स्क्रीनकडे बघून गेलेली बाई, तिला जनावराच्या नाकातली वाफ हातावर आली आणि काय झालं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी ती न बोलावता गेली. ल्युबाला ती मावशी म्हणायला लागली. ल्युबानं शब्दाचा अर्थ विचारला, तो कळल्यावर दोन दिवस ती स्वतःशीच हसत होती.

आता या दोघींचं मूळ सांगायला हवं. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला पास्विक नावाची नदी आहे. अलीकडचा काठ नॉर्वेचा, पलीकडचा रशियाचा. इंगर अलीकडची, ल्युबा पलीकडची. ल्युबाची आई आणि इंगरचे आईवडील, सगळे सामी जमातीचे, रेनडिअर पाळणारे. एके काळी दोन्ही काठ एकाच लोकांचे होते. दोनशे वर्षांपूर्वी दूरच्या राजधान्यांत बसलेल्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि काका इकडे, पुतण्या तिकडे असं झालं. महायुद्धात जर्मनांनी जाताना इंगरच्या आईचं गाव जाळलं, माणसं खाणीच्या बोगद्यात लपली आणि रशियन सैनिकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांचे उपकार विसरू नका, असं ती म्हातारी मरेपर्यंत सांगायची. मग चाळीस-पंचेचाळीस वर्षं सीमा कडेकोट. नव्वदच्या सुमाराला सैल झाली तेव्हा ल्युबा टेबलक्लॉथ विकायला या बाजूच्या बाजारात आली आणि माहेरी आलेल्या इंगरनं ते सगळेच्या सगळे विकत घेतले. तिथून मैत्री. इंगरचा इंग्रज नवरा गेला तेव्हा ल्युबा मदतीला म्हणून या डोंगरात आली. पुढे तिच्या गावातला धातूचा कारखाना बंद पडला, निम्मं गाव उठून गेलं, मग रशियाची लढाई सुरू झाली. परत जायला तिला काही उरलं नाही.

दोघी आपसात बोलायच्या ती भाषा ना धड नॉर्वेची, ना धड रशियाची. कॉफी पिताना बोलायला लागल्या की टेबलाशी तिसरं माणूस आहे याचा त्यांना विसर पडायचा. आसावरीला राग नाही यायचा. आपण नाही का पुण्याचं कुणी भेटलं की इंग्लिश माणसाला विसरतो, असं म्हणायची.

सावळी नावाची एक मादी होती. नाव अर्थातच आसावरीनं ठेवलेलं. जनावर ल्युबाच्या मालकीचं, इंगरनं कधीतरी तिला दिलेलं. एका थंडीत सावळीच्या पायात जखम होऊन ती मरणाच्या दारात गेली आणि आसावरीनं गोठ्यात अंथरूण टाकून, धुऊन-पुसून तिला उठवलं. तेव्हा ल्युबा म्हणाली, हिला यापुढे ज्या माद्या होतील त्या तुझ्या. कागद नाही, सही नाही. त्यांच्यात कागद नसतोच. सरकारचा पिवळा बिल्ला सगळ्या जनावरांच्या कानात होता, पण तो फार्मच्या नावाचा. खरी मालकी चाकूनं कापलेल्या खुणेची. पाडस आईमागून फिरत असतं तेव्हाच, पहिल्या उन्हाळ्यात, कानाची कड कापून घराची खूण करायची. मुलीची खूण म्हणजे आईचीच खूण आणि खाली एक लहानशी खाच जास्त.

तुझी खूण माझ्या खुणेत एक खाच घालून करू, ल्युबा म्हणाली. तू माझी लेकच.

आसावरी त्या दिवशी घरी जाऊन रडली होती. परदेशात कुणी कुणाला असं म्हणत नाही हो.

लागोपाठ दोन वर्षं सावळीला मादीच झाली. पहिली जाई, दुसरी पुतळी. दोन्ही वेळेला जुलैत कान कापले ते ल्युबानं, पाडसाला मांडीत धरलं आसावरीनं. इंगर पहिल्या वर्षी आईच्या अंत्यविधीला नॉर्वेला गेलेली, दुसऱ्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात. कापलेला कानाचा तुकडा नखाएवढा असतो, केसाळ, रक्ताळलेला. तो मालकानं जपायचा, दोरीत ओवून वाळवायचा, अशी त्यांची रीत. किती पाडसं आपली, त्याची तीच मोजदाद आणि तोच पुरावा.

इथं आसावरीनं चूक केली. तिनं तो तुकडा घेतला नाही. कॉटेजचं स्वयंपाकघर एवढंसं, ओट्याच्या कडेलाच तिचे देव. परीक्षित बाहेर काय वाट्टेल ते खायचा, पण घरात अंडंसुद्धा आणायचं नाही हा तिच्या माहेरचा दंडक तिनं इंग्लंडातही सोडला नव्हता. कातड्याचा रक्ताळलेला तुकडा देवांशेजारी टांगायचा? तिला ते होईना. मावशी, तुमच्याच दोरीत ओवा, तिथं काय नि इथं काय, ती म्हणाली. ल्युबानं खांदे उडवले आणि दोन्ही वर्षी तुकडे आपल्या दोरीत ओवले.

मार्चमधलं भांडण झालं ते असं. पास्विक नदी हिवाळ्यात गोठते आणि बर्फानं कुंपण मोडलं की नॉर्वेचे रेनडिअर चरत चरत पलीकडे जातात. पलीकडच्या राखीव जंगलात ल्युबाचा भाचा कोस्त्या नोकरीला. अलीकडच्या काठावर इंगरचा भाऊ ओड, कळपवाला. दोन काठ हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची बंदी, नुसता हात हलवायचीसुद्धा बंदी. म्हणून मग कोस्त्या जनावरं दिसली की ल्युबाला इथं नॉर्थम्बरलंडला फोन करायचा. ल्युबा अंगण ओलांडून इंगरला सांगायची. इंगर ओडला फोन करायची. ओड जाऊन काठावर गुपचूप उभा राहायचा आणि कोस्त्या बर्फावरून जनावरं परत हाकलायचा. नदीपलीकडचा निरोप इंग्लंडच्या स्वयंपाकघरातून फिरून जायचा. कित्येक हिवाळे असं चाललं. कागदावर कुठं काही नाही.

यंदा फोन आला नाही. ओडची सात जनावरं पलीकडे गेली, कोस्त्यानं त्यांची वर्दी वरती दिली आणि ती परत आलीच नाहीत. मागाहून त्यानं ल्युबाला कळवलं की आता माझ्यावरच नजर आहे, नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. ल्युबानं भाच्याची बाजू घेतली. इंगरनं भावाची. इंगर आसावरीला म्हणाली, तिला सांग, माझ्या आईनं त्यांचे जे उपकार सांगितले होते ते मी आजपासून विसरले.

हा निरोप आसावरीनं पोचवला नाही. अंगण ओलांडून गेली आणि म्हणाली, इंगरला फार वाईट वाटलंय, एवढंच. पुढेही ती असंच करत राहिली. इकडचे काटे काढून तिकडे द्यायची, तिकडचे काढून इकडे. भांडण निस्तरणाऱ्याला कुणी बोलावलेलं नसतं, पण तिला वाटायचं की आपण आहोत म्हणून हे घर उभं आहे.

मे महिन्यात पाडसं झाली. दोघी वेगवेगळ्या वेळी जनावरांच्या वाडग्यात यायच्या, त्यामुळे आसावरी दोन्ही वेळी तिथं. पावसानं डोंगर सडला होता. अडलेल्या एका मादीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिनं पाडस फिरवून काढलं तेव्हा ल्युबा शेजारी गुडघ्यावर बसून मादीचं डोकं धरून होती. पाडस जिवंत निघालं. ल्युबानं आपल्या डोक्याच्या रुमालानं आसावरीचं तोंड पुसलं. जुलैत चिलटांनी डोळे सुजवले. ऑगस्टमध्ये वैरण आत घेताना आसावरीच्या तळहाताची साल निघाली आणि पोळी लाटताना लाटणं धरवेना. परीक्षितनं पोळ्या लाटल्या, नकाशासारख्या झाल्या, पण खाल्ल्या.

सप्टेंबरमध्ये परीक्षितच्या कंपनीचं बोलावणं आलं. जानेवारीपासून आठवड्याचे चार दिवस ऑफिसात हजर. म्हणजे बेसिंगस्टोकला परत, नाहीतर नोकरी सोडायची. परीक्षितनं आरडाओरडा केला नाही. तो तिला म्हणाला, तुझं स्वतःचं काही इथं उभं राहणार असेल तर मी दुसरं काम शोधतो. पण दुसऱ्याच्या गोठ्यात राबायला म्हणून मी नोकरी सोडणार नाही.

त्यात चूक काही नव्हती. आसावरीनं मनाशी सगळं जुळवलं होतं. डोंगराखालचा शेतकरी डॉड्स आपलं पडीक कुरण तिला द्यायला तयार होता, पण अट एकच, स्वतःची जनावरं हवीत, हौसेपोटी रान अडवून ठेवणारे मला नकोत. जाई आता वयात आली होती, या हिवाळ्यात गाभण राहणार. पुतळी पुढच्या वर्षी. दोन माद्यांवर सुरुवात होते, इंगरनंही अशीच केली होती. डॉड्सला तिनं सांगितलं, माझ्या दोन आहेत. त्यानं फाटकातूनच हात पुढे केला. व्यवहार झाला. परीक्षितनं त्या रात्री नोकऱ्यांच्या जाहिराती बघायला सुरुवात केली.

फक्त त्याआधी वरचं भांडण मिटायला हवं होतं. नाताळचा हंगाम दोघी बोलत नसताना कसा निघणार? इंगर तर म्हणायला लागली होती की ल्युबानं आपली जनावरं घेऊन चालतं व्हावं. पासष्टी उलटलेली बाई पाच जनावरं घेऊन कुठं जाणार होती?

ल्युबानंच कधीतरी तिला जुनी रीत सांगितली होती. नदीच्या एका काठामुळे दुसऱ्या काठाचं जनावर गेलं तर त्या घरानं आपल्या खुणेचं जनावर द्यायचं. जनावराला जनावर. दिलं की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. आसावरीनं ते लक्षात ठेवलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती इंगरच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेली आणि म्हणाली, तुमच्याकडची रीत आहे ना, मग ती करा. ल्युबा पाच आत्ता देईल, उरलेली दोन वसंतात विकत घेऊन देईल. इंगर हातातलं फडकं घडी करत राहिली. मग म्हणाली, वसंतापर्यंत थांबायचं नसतं, द्यायचं ते एकदम. पण आवाज नरमला होता. आसावरी धावतच गोठ्यावर गेली आणि ल्युबाला सांगितलं की इंगर तयार आहे. वसंताची अडचणही सांगितली. ल्युबानं खिडकीबाहेर चरणाऱ्या जनावरांकडे बघितलं. मी बघते, म्हणाली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आसावरी पेंड घेऊन वर आली तर दोघी इंगरच्या स्वयंपाकघरात बसलेल्या, आपल्या त्या भाषेत बोलत. मध्ये कॉफीची किटली. आसावरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात ते काय खोटं आहे? तिनं दारातूनच परत फिरून परीक्षितला फोन केला आणि सांगितलं, मिटलं रे सगळं. तो म्हणाला, चला, तुझी हमाली संपली.

ठरल्या दिवशी डरॅमकडचा एक खरेदीदार ट्रेलर घेऊन आला. द्यायची सात जनावरं त्याला विकायची आणि ओडनं तिकडे नवी घ्यायची, असं ठरलं होतं. सात हा आकडा आसावरीनं ऐकला, पण तिला वाटलं, इंगर आपली दोन घालत असेल. मन मोठं केलं असेल. आभाळ डोंगरावर टेकलेलं, बारीक पाऊस, वाडग्यात शेणाचा आणि ओल्या केसांचा वास. आसावरी फाटकाशी उभी राहून एकेक जनावर पुढे काढून देत होती. ल्युबाचा म्हातारा खच्ची नर, दोन माद्या, सावळी, सावळीच्या मागचं एक नर वासरू. इंगर प्रत्येकाचा कान चाचपायची, मान हलवायची. पाच झाली. आसावरीनं फाटक लावायला घेतलं.

ल्युबा तिच्या बाजूनं आत शिरली आणि जाईचं शिंग धरलं.

आसावरीला वाटलं, म्हातारी चुकली. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय, कितीदा सांगितलं दाखवा म्हणून.

‘मावशी, ती जाई आहे,’ ती म्हणाली.

ल्युबानं मान वर केली नाही. जाईला ओढत तिनं इंगरपुढे आणलं. जाई ओळखीच्या हातानं आली, बिचारी निमूट. इंगरनं तिचा कान दोन बोटांत धरला.

‘ही ल्युबाची खूण,’ इंगर म्हणाली.

आसावरी चिखलातून पुढे आली. तिच्या तोंडातून आधी मराठीच निघायला लागलं, मग इंग्रजी सापडलं. खाली बघा, ती म्हणाली, खाली अजून एक खाच आहे, लहान. लेकीची खाच. ती माझी. पुतळीलाही आहे. इंगरनं कान उलटा करून बघितला. खाच होतीच, न दिसायला काय झालं? इंगरला हेही ठाऊक होतं की आसावरी गेली दोन वर्षं या दोघींना माझ्या माझ्या म्हणत हिंडतेय. पण ती आसावरीकडे बघेना. ल्युबाला तिनं आपल्या भाषेत काहीतरी विचारलं आणि मग, कदाचित न्याय दिसावा म्हणून, तेच इंग्रजीत विचारलं.

‘ही खाच कसली?’

पाऊस टोपीवरून ल्युबाच्या नाकावर ठिबकत होता. तिनं हातमोजा काढला, नाक पुसलं, पुन्हा हातमोजा घातला.

‘चाकू सरकला होता,’ ती म्हणाली.

‘दोन्ही वेळेला?’ आसावरीनं विचारलं.

ल्युबानं कोटाच्या खिशातून कानाच्या तुकड्यांची दोरी काढली आणि इंगरच्या हातात दिली. सगळे तुकडे तिच्याच दोरीवर, जाईचा आणि पुतळीचाही. इंगरनं ते बोटानं सरकवत मोजले, दोरी परत दिली आणि खरेदीदाराला म्हणाली, सात पुरी झाली.

आसावरीला ओरडायचं होतं, पण ओरडून काय सांगणार? कागद नव्हता. बिल्ला फार्मचा. खूण ल्युबाची. तुकडा स्वतःच्या हातानं दिलेला. आणि जनावराला जनावर ही वाटसुद्धा तिनंच शेडमध्ये जाऊन दाखवलेली. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो असा. सात महिने ज्या दोन दारांतले काटे काढले त्या दोन्ही दारांनी मिळून तिचाच घास घेतला होता. आणि खरं सांगायचं तर इंगरचा तिला तेवढा राग आला नाही. इंगर पहिल्यापासून मालकीणच होती. पण ल्युबानं तिला लेक म्हटलं होतं.

जाई ट्रेलरच्या फळीपाशी येऊन थांबली आणि पुढचे पाय रोवले. खरेदीदाराच्या माणसानं दावं ओढलं, दुसऱ्यानं मागून रेटा दिला. ती खाली बसली. मागं पुतळी घाबरून गोल फिरायला लागली. आसावरी वाडग्याच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. जाऊ नकोस, ती स्वतःला बजावत होती, त्यांची जनावरं आहेत, त्यांनी चढवावीत. मग त्या माणसानं बाजूला पडलेला प्लास्टिकचा पाइप उचलला आणि तिला राहवलं नाही.

तिनं त्याच्या हातातून दावं घेतलं. जाईच्या मानेखाली हात घातला आणि रोज म्हणायची तसं म्हणाली, चल गं बाई, चल. जाई उठली. फळीवर पाय टाकताना एकदा थबकली, तिच्या खांद्याला तोंड घासलं आणि मागोमाग चढली. पुतळी आपोआप मागं आली. आसावरीनं दोघींना पुढच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी बांधलं, शिंगं एकमेकींना लागणार नाहीत इतकी जागा ठेवून. जाईच्या अंगाची ऊब तिच्या जॅकेटमधून आत येत होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग खाली उतरली आणि फळी वर करून कडी लावली.

ट्रेलर गेला. इंगर घरात गेली. ल्युबा फाटकाशी उभी होती, जायचं नाव घेईना. तिनं थर्मासचं झाकण भरून चहा पुढे केला. आसावरीनं हात पुढे केला नाही.

‘तुला नवरा आहे,’ ल्युबा म्हणाली. ‘तुझं गाव आहे. मला ही एक बाई आहे.’

‘मग मागायच्या होत्यात, मावशी. मी दिल्या असत्या.’

‘माहीत आहे.’

‘माहीत होतं तर मग?’

ल्युबानं झाकणातला चहा चिखलात ओतला. ‘तू दिल्या असत्यास आणि मी जन्मभर तुझी मिंधी राहिले असते. इंगरची आहे तेवढं पुरे. तू आमच्या तिकडची असतीस तर तुला कळलं असतं.’

एवढं बोलून ती थर्मास काखेत धरून वर निघाली. पाठीचं दुखणं, त्यामुळे एका बाजूला कललेली चाल. आसावरीला एक क्षण सवयीनं वाटलं की धावत जाऊन थर्मास आपण घ्यावा. मग तिचं तिलाच संतापानं रडू आलं. आपल्याला लेक म्हणणाऱ्या माणसाला आपले उपकार नकोत, आपल्याला लुटणं चालतं, हे तिच्या डोक्यात बसेना. इतकी वर्षं ती त्या टेबलाशी बसत होती आणि शेवटपर्यंत परकीच राहिली होती.

तिनं वाडगं झाडलं, कारण काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. पाण्याच्या डोण्या उपड्या केल्या, फाटकाची साखळी अडकवली आणि रस्त्याकडे उतरली. कॉटेजच्या खिडकीतून परीक्षित लॅपटॉपपुढे बसलेला दिसत होता, कानाला हेडफोन. तो हात हलवून हसला. त्याला वाटलं, आज सगळं आटोपलं, आता ही आनंदात असेल. ती आत गेली नाही. अंगणाच्या भिंतीवर बसून तिनं डॉड्सला फोन लावला आणि सांगितलं की कुरण नको, दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

डॉड्स भला माणूस होता. त्यानं घसा खाकरला. मागच्या वर्षी त्याच्या मेंढ्या रोगानं गेल्या होत्या, त्याला तेच सुचलं.

‘जनावरं गेली का गं?’ त्यानं विचारलं.

‘नाही,’ आसावरी म्हणाली. ‘सगळी जिवंत आहेत.’